शब्दांनी बांधा तुमचं बीड!

ग्राफिक्स नाहीत, जॉयस्टिक नाही, थ्रीडीचं तर नावच नको. स्क्रीनवर फक्त अक्षरं! ‘तुम्ही कंकालेश्वराच्या कुंडाकाठी उभे आहात. मधोमध काळ्या दगडाचं मंदिर, चहूबाजूंनी पाणी.’ तुम्ही हुकूम टाइप करायचा आणि पुढची जागा उलगडायची. तिथे त्याच वेळी आणखी चार जण ऑनलाइन असतील, तर मिळून कोडी सोडवा, नाहीतर भांडा. लांबून बघणाऱ्या बॉसला वाटेल, तुम्ही रिपोर्टच टाइप करताय!

या प्रकाराला म्हणतात ‘मड’, म्हणजे मल्टि-यूजर डंजन. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात 1978 मध्ये रॉय ट्रबशॉनं पहिला मड लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टलनं तो पुढे नेला. आजच्या मोठमोठ्या ऑनलाइन गेम्सचा हा पणजोबाच. पण तिथलं जग बांधायचं तर प्रोग्रामिंग यायला हवं. 1989 मध्ये जेम्स ॲस्पनेसच्या टायनीमडनं कुदळ थेट खेळाडूंच्या हाती दिली. ‘डिग’ म्हटलं की खोली तयार, ‘डिस्क्राइब’ म्हटलं की तिचं वर्णन.

आज हाच फंडा ‘एव्हेनिया’सारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. पायथनमध्ये लिहिलेलं, ब्राउझरमध्येही खेळता येणारं. देवनागरी वर्णनं ते मुकाट्यानं घेतं. बीडला गेले असताना एका वीकएंडला मी त्यात कंकालेश्वर, खजाना विहीर आणि एक गाव बांधायला बसले. ‘टनेल’ हा हुकूम दिला की नवी खोली आणि जाण्या-येण्याच्या दोन्ही वाटा एका झटक्यात तयार. एकदम सही!

घोडं अडलं ते मराठीपाशी. इंग्रजी हुकुमात क्रियापद आधी येतं, आपण मात्र ‘दिवा घे’ म्हणतो. त्यात आपली नामं रूप बदलतात. ‘विहीर’ नावाची वस्तू बनवली, पण खेळाडू लिहिणार ‘विहिरीत बघ’. यंत्राच्या लेखी हा नवाच शब्द! मग प्रत्येक वस्तूला विहिरीत, विहिरीला, विहिरीजवळ अशी टोपणनावं हातानं जोडत बसा. खरं तर नाव दिल्याबरोबर टूलनंच ही रूपं समोर मांडावीत आणि आपण फक्त चुकीची खोडावीत. एवढं झालं तरी निम्मं काम हलकं होईल.

दुसरी गोष्ट ऋतूंची. काळानुसार खोलीचं वर्णन बदलण्याची सोय एव्हेनियात आहे. पण तिथले तयार ऋतू कोणते, तर स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर! बीडमधलं वर्ष असं चालतं का? इथे दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड सुरू होते. कोयता घेतलेली माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघून जातात आणि गावातल्या घराघरांना कुलपं लागतात. हंगाम संपल्यावर तीच घरं पुन्हा गजबजतात. माझ्या गावातल्या प्रत्येक घराला म्हणूनच दोन वर्णनं हवी होती, एक कुलपाचं आणि एक चुलीच्या धुराचं. हे ऋतू बदलता येतात, नाही असं नाही. पण त्यासाठी कोडमध्ये हात घालावा लागतो.

आणि सगळी गंमत इथेच आहे. हे कुलूप कधी लागतं, हे ज्याला पक्कं ठाऊक, त्याला पायथन येत असेलच असं नाही. ज्याला पायथन येतं, त्याच्या जगात ते कुलूपच नाही. तेव्हा ‘इथले ऋतू कोणते?’ असा साधा रकाना टूलमध्ये हवा. तो भरायला शाळेतला पोरगाही पुरेल, आजीसुद्धा!

शिवाय हे जग नुसत्या अक्षरांचं, म्हणून स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध खेळाडूंनाही ते इतरांच्या बरोबरीनं खेळता येतं. इतकं स्वस्त आणि इतकं सगळ्यांचं दुसरं कुठलं गेमिंग आहे?

तुमच्या ऑफिसात एखादा पायथनवाला असेलच. त्याला चहा पाजा आणि हे दोन रकाने मागा. गाव तुम्ही बांधा!