धुक्यातही दिवस मोजणारे डोळे

पावसाळ्यात पाचगणीचं टेबललँड दिवसचे दिवस धुक्यात बुडालेलं असतं. ‘बाहेर उजेडच नाही, मग सकाळी बाहेर पडून मिळणार काय?’ हा प्रश्न तेव्हा अगदी रास्त वाटतो. पण तो चुकीचा आहे. ट्यूबलाइटच्या खोलीत डोळ्यांपर्यंत साधारण १०० ते ३०० लक्स प्रकाश पोचतो. दिवस वर आल्यावर ढगाळ आभाळाखाली तो सहज काही हजार लक्स असतो. डोळा दोन्हींशी जुळवून घेतो, वाचता दोन्हीकडे येतं, म्हणून आपल्याला फरक कळत नाही.

कळतो तो दृष्टिपटलातल्या मोजक्या गँग्लियॉन पेशींना. बघण्याचं काम दंडपेशी आणि शंकुपेशी करतात आणि डोळ्यात प्रकाश टिपणारं दुसरं काही नाही, असं दीर्घकाळ मानलं जाई. १९९८ मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांना बेडकाच्या त्वचेत मेलानोप्सिन हे प्रथिन सापडलं. ते असलेल्या गँग्लियॉन पेशी स्वतःच प्रकाश टिपतात, हे डेव्हिड बर्सन यांनी २००२ मध्ये उंदरांत दाखवलं. या पेशी चित्र बनवत नाहीत. उजेड किती आणि किती वेळ, एवढंच मेंदूतल्या सुमारे २०,००० चेतापेशींच्या मुख्य घड्याळाला कळवतात. माणसाचं हे घड्याळ २४ तासांहून किंचित लांब चालतं, त्यामुळे ते रोज थोडं पुढे आणावं लागतं. सकाळचा उजेड ते पुढे आणतो, रात्रीचा मागे ढकलतो.

अंध माणसाला दिवस-रात्र सारखीच, हा दुसरा समज. चार्ल्स झाइस्लर यांनी १९९५ मध्ये पूर्ण अंध व्यक्तींवर प्रयोग केला, तेव्हा त्यांतल्या काहींचं मेलाटोनिन, म्हणजे रात्रीची सूचना देणारं संप्रेरक, प्रखर प्रकाशाने घटलं. दिसत काहीच नव्हतं, तरी डोळ्यांचं हे दुसरं काम चालू होतं. दोन्ही डोळे काढावे लागलेल्यांची झोप मात्र अनेकदा रोज थोडी उशिरा सरकत जाते. दृष्टी गेलेला डोळा निरुपयोगी ठरवण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं.

मोबाइलच्या निळ्या प्रकाशाला आपण जरा जास्तच बदनाम केलंय. मेलानोप्सिन निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतं हे खरं. पण रात्री खोलीतले दिवे लख्ख ठेवून स्क्रीन पिवळी केल्याने फारसं साधत नाही.

भिंतीवरच्या घड्याळाचं तर शरीराला काहीच सोयरसुतक नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, पाचगणी ७४ अंशांच्या किंचित पश्चिमेला. इथला सूर्य सरासरी ३५ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. मुंबईने १९५५ पर्यंत ३९ मिनिटं मागे असलेली स्वतःची वेळ जपली होती, ती निव्वळ हट्टापायी नव्हे. सूर्य असा उशिरा येत असताना राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ नंतर भरवायला सांगितलं, हे बरंच झालं. मात्र शरीराचं घड्याळ सर्वांत जास्त मागे सरकतं ते किशोरवयात, आणि आठवी-नववीची मुलं त्या आदेशात नव्हती.