पुलावरून जाताना, जरा खाली बघा!

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र. महाडजवळ सावित्री नदीला पूर आला आणि मुंबई-गोवा महामार्गावरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल कोसळला. दोन एस.टी. बसगाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. २०१७ मध्ये तिथे नवा पूल झाला. पण पावसाळ्यात गाडी पुलावर आली, की आजही छातीत धस्स होतं.

सावित्रीवरचा पूलच गेला. पण अनेक ठिकाणी पूल जागेवर राहतो आणि त्याला रस्ता जोडणारा मातीचा भराव वाहून जातो. पूल दगड-काँक्रीटचा, भराव माती-मुरमाचा. दोन्ही जिथे मिळतात, तीच नाजूक जागा.

हे काही एका रात्रीत होत नाही बरं का! रस्त्याच्या भेगांतून पाणी भरावात शिरतं आणि बाहेर पडताना बारीक माती घेऊन जातं. खालून नदी पायथा कुरतडत असते. उंदरांनी तळातून पोखरलेली कणगी वरून भरलेलीच दिसते ना, अगदी तसं. वर डांबर शाबूत, आत पोकळी. मग एखादा जड ट्रक जातो आणि भगदाड पडतं.

इंजिनिअर तपासणीला आले, की खांबापाशी नदीचा तळ किती खरवडला ते मोजतात, दगडी पिचिंगवर ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐकतात, भोक पाडून आतली माती बघतात. पण ते काही रोज येत नाहीत. रोज तिथून जातो आपण! कधी मुलांना शाळेत सोडायला, कधी बाजाराला, कधी शेतावर.

मग बघायचं काय? पूल आणि रस्ता मिळतो तिथे खड्डा पडलाय का? दरवर्षी त्याच जागी डांबराचं ठिगळ लागतंय का? रस्त्याच्या कडेनं लांब भेग गेलीय का? कठडा कलला, पिचिंगचे दगड निसटले, दगडांच्या सांध्यात पिंपळ रुजला, असं काही दिसतंय का? आणि भिंतीत पाणी निघायला ठेवलेली भोकं बघा. स्वच्छ पाणी येत असेल तर ठीक. गढूळ येत असेल, तर आतली माती निघालीय असं समजा. मात्र हे सगळं पाणी उतरल्यावर, काठावरून बघायचं. पुलावरून पाणी जात असेल तर पाऊलही टाकायचं नाही.

‘आपलं कोण ऐकणार?’ असं म्हणू नका. मोबाईलवर फोटो काढा, तारीख घालून दोन ओळींचा अर्ज लिहा. एक प्रत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत, एक बांधकाम खात्याच्या कार्यालयात द्या. पोच मात्र घ्यायला विसरू नका. गावात ग्रामसभेआधी महिलांची सभा असते, तिथेही विषय काढा.

घराची भिंत ओली दिसली, की आपण लगेच कुठून झिरपतंय ते शोधतो. तीच नजर पुलालाही लावू या. त्यावरून आपलीच लेकरं जातात.