सकाळची मळमळ आणि मिश्रीची डबी

बदलापूरहून पहाटेची लोकल धरणाऱ्या, उल्हासनगरात जीन्सच्या शिलाईला बसणाऱ्या आपल्या लेकीसुनांना दिवस गेले की पहिली गाठ पडते मळमळीशी. सहाव्या आठवड्याच्या सुमारास उमासे सुरू होतात आणि बहुतेकींचे चौथ्या-पाचव्या महिन्यात थांबतात. म्हणायला सकाळची मळमळ, येते मात्र केव्हाही. वालधुनीच्या काठच्या ताईला तर दार उघडताच येणारा केमिकलचा वास पुरतो.

घरात कोणीतरी म्हणतेच, "नखरे करते." हे नखरे नव्हेत. वारेतून जीडीएफ-१५ नावाचे संप्रेरक आईच्या रक्तात येते. आधीपासून ज्यांच्या अंगात ते कमी असते त्यांना जास्त त्रास होतो, असे २०२३ सालच्या संशोधनात दिसले.

आता मिश्री. उमासा आला की बोटभर मिश्री लावायची, ही सवय सासूकडून सुनेकडे येते. क्षणभर बरे वाटते, पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि तंबाखूने मळमळ वाढतेही. मुंबईतल्या १२१७ गरोदर बायांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. मिश्री-तंबाखू वापरणाऱ्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. ती डबी आजच बाजूला ठेवा. सासूबाईंनीही, कारण घरात दिसली की हात जातोच.

त्यापेक्षा रात्रीच उशाशी मूठभर कुरमुरे किंवा टोस्ट ठेवा. उठण्याआधी खा, मग दहा मिनिटांनी उठा. दर दोन तासांनी थोडे खा, पाणी घोटघोट घ्या, आल्याचा तुकडा चघळा. फोडणी काही दिवस नवऱ्याने घातली तर काय बिघडते? पहिल्या तीन महिन्यांत फोलिक ॲसिडची गोळी चुकवू नका, सकाळी उलटून पडत असेल तर रात्री घ्या. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारूनच.

खाडा केला की मजुरी जाते, हे खरे. गरोदर कामगार बाईला बाळंतपणाआधीही विश्रांती मिळावी, हे बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडले होते.

दिवसभर पाणीही पोटात टिकत नाही, आठ तास लघवी नाही किंवा गडद होते, उभे राहताच चक्कर येते, पन्नास किलोच्या बाईचे अडीच किलो उतरले, तर घरी थांबू नका. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय, बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठा. सलाइन लागते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, पण अशा वेळी ९ तारखेची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.