शब्दांची गुहा

पडद्यावर चित्र नाही, रंग नाही, आवाज नाही, केवळ अक्षरे. रानातले विटांचे लहानसे घर, त्यातून वाहणारा ओहोळ, आत किल्ल्या, दिवा, थोडे अन्न आणि पाण्याची बाटली एवढे वर्णन उमटे आणि संगणक खेळणाऱ्याच्या उत्तराची वाट पाहत थांबे. 'दिवा घे', 'उत्तरेस जा' अशा अर्थाचे एक-दोन इंग्रजी शब्द टंकले की पुढचे दालन उघडे. 'ॲडव्हेंचर' नावाच्या या खेळासाठी अमेरिकेतील ज्या तरुणांनी रात्री जागवल्या, ते आज साठी-सत्तरीला आले आहेत. त्याच्या जन्माची कथा मात्र खेळापेक्षा अधिक हळवी आहे.

विल क्राउदर हे मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिजचे संगणकतज्ज्ञ. ज्या 'आर्पानेट'मधून पुढे इंटरनेट उभे राहिले, त्याची आज्ञावली लिहिणाऱ्या मोजक्या मंडळींपैकी ते एक. मात्र सुटी मिळाली की ते पत्नी पॅट्रिशिया यांच्यासह केंटकी राज्यातील मॅमथ गुहेच्या परिसरात जात. भुयारे मोजावीत आणि ते आकडे संगणकात भरून नकाशे काढावेत, हा दोघांचा ध्यास. फ्लिंट रिज आणि मॅमथ या गुहा आतून एकच आहेत, हे ९ सप्टेंबर १९७२ रोजी सिद्ध करणाऱ्या तुकडीत पॅट्रिशिया होत्या. ज्ञात गुहांमध्ये ही जगातील सर्वांत लांब. आजवर तिचे ६८० किलोमीटरांहून अधिक मार्ग मोजले गेले आहेत.

पुढे हा संसार मोडला. ज्या मंडळींत पत्नीसह वावरायचे, त्यांत एकट्याने जाणे अवघड वाटू लागले आणि क्राउदरांचे गुहेत उतरणे थांबले. दोन्ही मुली आपल्यापासून दुरावत आहेत, ही खंतही होती. १९७५-७६च्या सुमारास त्यांनी गुहेची आठवण आज्ञावलीत उतरवली. संगणक न शिकलेल्यालाही खेळता यावे, साध्या बोलीतील शब्द यंत्राला कळावेत, ही त्यांची अट. मुली भेटीला आल्या की तो खेळ खेळत. त्यांना तो फार आवडला, असे क्राउदरांनी पुढे सांगितले आहे.

खेळात एके ठिकाणी साप वाट अडवतो. त्याच्यावर हल्ला करून काही साधत नाही. पिंजऱ्यातला लहान पक्षी मोकळा सोडला की साप पळून जातो. (खेळ सर्वत्र इतका सौम्य नाही, बुटक्यांवर कुऱ्हाड फेकावी लागतेच!) एकसारख्या भासणाऱ्या वाटांच्या चक्रव्यूहात प्रत्येक दालनात एकेक वस्तू ठेवावी, मग कागदावर नकाशा काढावा. अनेकांच्या आठवणीत खेळापेक्षा तो खाडाखोडीचा कागदच अधिक ठसला आहे.

१९७६ साली स्टॅनफर्डमधील डॉन वूड्स यांच्या हाती हा खेळ आला. कर्त्याचा पत्ता माहीत नसल्याने त्यांनी आर्पानेटवरील प्रत्येक संगणकावर 'क्राउदर' या नावाने पत्र धाडले! परवानगी मिळाली आणि त्यांनी खेळ पुष्कळ वाढवला. दिव्याची विजेरी संपू लागे. नवी हवी तर मिळवलेली मौल्यवान नाणी एका यंत्रात टाकून गुणांवर पाणी सोडावे लागे. १९७८ साली स्कॉट ॲडम्स यांचा 'ॲडव्हेंचरलँड' टीआरएस-८० या घरगुती संगणकावर आला, पाठोपाठ 'झॉर्क' आला आणि मोठ्या संस्थांतील हे वेड दिवाणखान्यात पोहोचले. चित्रांचे खेळ आल्यावर अक्षरांचे मागे पडले. तरी हौशी लेखक आजही असे खेळ रचतात. त्यांची वार्षिक स्पर्धा १९९५पासून चालू आहे.

क्राउदरांची मूळ आज्ञावली हरवली असे समजले जाई. वूड्स यांच्या विद्यापीठातील जुन्या खात्यात ती मिळाली. डेनिस जर्झ या प्राध्यापकांनी प्रत्यक्ष गुहेत उतरून ती ताडून पाहिली आणि २००७ साली लेख प्रसिद्ध केला. जादूचे शब्द आणि खजिना वगळला, तर खेळातील बराचसा भूगोल बेडक्विल्ट या खऱ्या भुयाराचाच होता.

मोजणी करणाऱ्यांना हे आधीच उमगले होते. एका तुकडीतील स्त्री बेडक्विल्टमध्ये प्रथमच उतरली होती. खेळ मात्र तिला तोंडपाठ होता. प्रत्येक दालनात पुढे काय येणार, हे ती सांगत गेली. काम आटोपल्यावर तुकडीच्या प्रमुखाने परतीची वाट दाखवण्याचे काम तिच्यावरच सोपवले. एकदाही न चुकता तिने सर्वांना बाहेर उजेडात आणले.