शेतघराची डागडुजी आणि तळ्यातील मासेमारी : कामांची सांगड



शेतावर राहते घर आणि लागूनच शेततळे, असे चित्र आता अनेक गावांत दिसते. तळ्यात कटला, रोहू व मृगळ हे मासे वाढविता येतात. अडचण येते ती उन्हाळ्यात. पाणी आटू लागते म्हणून मासे काढावयाचे असतात आणि मृगापूर्वी घर शाकारावयाचे असते. दोन्ही कामे एकदम अंगावर येतात. शिवाय गळ टाकून बसलेल्या माणसाला गळके छप्पर दिसत नाही, हाही अनुभव आहेच.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्या शेतावर मेढींना वाळवी लागली. मे महिन्यात मी त्यांच्या बुडाशी क्लोरपायरीफॉसचे द्रावण ओतले. मासे पुढच्या बाजाराला काढू, म्हणून तळ्यातच ठेवले होते. त्याच संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला आणि अंगणातील पाणी तळ्यात उतरले. सकाळी मासे पोट वर करून तरंगत होते. वर्षाचे उत्पन्न खड्ड्यात पुरावे लागले. हे कीटकनाशक माशांना अतिशय विषारी आहे, हे मी वर्गात शिकवीत असे. घरी मात्र कामांचा क्रम चुकला.

वर्षाचा क्रम

१) जुलै-ऑगस्टमध्ये हेक्टरी ५,००० या प्रमाणात बोटुकली सोडावीत. ३० × ३० मीटरच्या तळ्यास सुमारे ४५० बोटुकली पुरतात. याच दिवसांत छप्पर जेथे गळते तेथे वाशावर कोळशाने खूण करावी. उन्हाळ्यात ती जागा शोधून सापडत नाही.

२) बांबू हिवाळ्यात तोडावा, त्यास कीड कमी लागते. मात्र तो माशांच्या तळ्यात भिजत घालू नये. त्यातील पिष्टमय पदार्थ कुजताना पाण्यातील प्राणवायू कमी होतो.

३) मार्च-एप्रिलमध्ये सर्व मासे काढून विकावेत.

४) मे महिन्यात शाकारणी, गिलावा व वाळवीचा बंदोबस्त करावा. तळ्याकडील बाजूस औषध टाळावे. तेथे वाळवीची घरे खरवडून मेढीखाली दगड द्यावा. अंगणातील पाणी तळ्यात न जाता बाहेर वळेल अशी चारी काढावी.

रोजचा क्रम

सकाळी उठल्यावर प्रथम तळ्यावर फेरी मारावी. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घेत असतील, तर प्राणवायू कमी पडला आहे असे समजावे. ढगाळ व वारा पडलेल्या दिवसांत पहाटे असे घडते. त्या दिवशी खाद्य व शेणखत बंद ठेवून पंपाने पाणी उचलून पुन्हा तळ्यातच फवाऱ्यासारखे सोडावे.

मासे पकडणे आणि छपरावर चढणे, दोन्हींना सकाळची थंड वेळच लागते. म्हणून दिवस वाटून घ्यावेत. आठवडी बाजाराच्या दिवशी पहाटे जाळे टाकावे, इतर दिवशी सकाळी घराचे काम करावे. घरच्या कालवणापुरता गळ संध्याकाळी टाकण्यास हरकत नाही. दिवसाच्या श्रमानंतर तो विसावाही ठरतो.

दक्षता

सिमेंट वा चुन्याची घमेली तळ्यात धुऊ नयेत. त्यामुळे पाण्याचा सामू वाढून माशांच्या कल्ल्यांना इजा होते. रंगाचे ब्रश व फवारणी पंपही तेथे धुऊ नयेत. विषबाधेने मेलेले मासे खाऊ वा विकू नयेत. ते तळे व विहिरीपासून दूर पुरावेत आणि तळ्याचे पाणी जनावरांना पाजू नये.

थोडक्यात, आधी तळे रिकामे करावे, मग छपराला हात घालावा. एवढा क्रम पाळला तर मृगाच्या पहिल्या सरीला घर कोरडे राहील आणि माशांचे पैसेही हाती आलेले असतील.