दोन सुरांवर चालू होणारी मोटार

फलटण तालुक्यात शेतीच्या थ्री फेज लाइटची पाळी कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळी असली की उसाला पाणी पाजायला अवेळी उठायचं, बॅटरी घेऊन बांधाबांधानं विहीर गाठायची आणि लाइट आलीच नसेल तर तसंच माघारी यायचं. साप-विंचवाची धास्ती निराळीच. मोबाइल स्टार्टर आला आणि ही पायपीट पुष्कळ कमी झाली. घरूनच विहिरीवरच्या फोनला कॉल करायचा, तो आपोआप उचलला जातो, मग ठरलेला आकडा दाबायचा, मोटार चालू. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ हे मोबाइलवरून पंप चालवण्यासाठीच नावाजलेलं उपकरण. आता मेसेजवर आणि ॲपवर चालणारे स्टार्टरही मिळतात. पण आकडा दाबून हुकूम देण्याची युक्ती साठ वर्षांपूर्वीची आहे, आणि टेलिफोनच्या इतिहासातलं इतकं देखणं काम मला दुसरं दिसत नाही.

गोल डायलच्या फोनमध्ये आकडा म्हणजे लाइन किती वेळा तुटली याची मोजणी. ६ फिरवला की सहा वेळा, शून्याला दहा वेळा. सेकंदाला साधारण दहा ठोके. फलटणचा एसटीडी कोड ०२१६६. म्हणजे १०, २, १, ६ आणि ६ मिळून २५ ठोके. नुसत्या ठोक्यांचेच अडीच सेकंद, शिवाय दर वेळी बोट घालून डायल ओढायची ती वेगळीच. बरं, हे ठोके एक्स्चेंजसाठी. कॉल लागल्यावर पलीकडच्या यंत्राला त्यांतून काही सांगता येत नसे. बोलणं मात्र शेवटपर्यंत पोचतं. मग आकडाही आवाजातूनच पाठवला तर?

१८ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या कार्नेगी आणि ग्रीन्सबर्ग या गावांत, बेल कंपनीनं ही बटणांची सेवा सुरू केली. बटणांच्या चार आडव्या ओळींना चार सूर दिले: ६९७, ७७०, ८५२ आणि ९४१ हर्ट्झ. उभ्या ओळींना १२०९, १३३६ आणि १४७७. (१६३३ चा चौथा उभा सूरही ठरलेला आहे, घरगुती फोनवर त्याची बटणं नसतात.) ५ दाबला की ७७० आणि १३३६ हे दोन्ही सूर एकदम वाजतात, भजनाच्या पेटीवर दोन पट्ट्या दाबाव्यात तसे.

दोनच का? कारण लाइनवर माणसंही बोलत असतात. एखाद्यानं मोठ्यानं हाक मारली किंवा शीळ घातली आणि यंत्रानं तो आकडा समजला तर घोटाळा. ठरलेले दोन सूर एकदम लागणं मात्र विरळा. माणसाच्या आवाजात मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे सूरही असतात. म्हणून हे आकडे असे निवडले की एकाची पट दुसऱ्यावर पडू नये. ६९७ ची दुप्पट १३९४. ती १३३६ आणि १४७७ यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडते. दोन सुरांची बेरीज-वजाबाकीही तिसऱ्या सुराशी जुळत नाही. सूर दीड टक्क्यापर्यंत हलला तर चालतो, साडेतीन टक्के हलला तर यंत्रानं तो नाकारायचा.

स्टार्टरमध्ये हे सूर ओळखण्याचं काम ‘८८७०’ नावाची अठरा पायांची चिप करते. तिला लागणारा ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल मुळात अमेरिकी रंगीत टीव्हीसाठी ढिगानं बनत असे, त्यामुळे तो स्वस्तात मिळतो. दोन्ही सूर क्षणभर टिकले की चिप चार तारांवर आकडा मांडते: ५ साठी ०१०१. पुढे एक रिले स्टार्टरच्या हिरव्या बटणाला समांतर जोडलेला, दुसरा लाल बटणाच्या तारेत एकसर. बोटाचं काम रिले करतो.

मोबाइलवर यात एक गंमत आहे. आपल्या हातातला जीएसएम फोन हे सूर हवेतून पाठवतच नाही. फोनमधली आवाज दाबून पाठवण्याची पद्धत माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेली, तीत शुद्ध सूर बिघडण्याचा धोका. म्हणून फोन ‘५ दाबला’ एवढा निरोप धाडतो आणि सूर कंपनीचं एक्स्चेंज वाजवतं. विहिरीवरच्या फोनला ते ऐकू येतात.

या सुरांना मालक ओळखता येत नाही. कोणीही कॉल करून ५ दाबला तर मोटार सुरूच होईल. म्हणून स्टार्टर घेताना त्यात चार आकडी गुप्त कोड किंवा ठरावीक नंबरांचीच परवानगी आहे ना, हे दुकानदाराला जरूर विचारा.

आणि शाळा-कॉलेजातल्या मुलांनो, घरात जुना फोन पडला असेल तर त्याच्या इअरफोनची तार ८८७० ला जोडून पाहा. सोबत तो क्रिस्टल, थोडे रेझिस्टर-कपॅसिटर, पाच व्होल्ट आणि चार छोटे एलईडी लागतात. दुसऱ्या फोनवरून कॉल करून ५ दाबा, उजवीकडून पहिला आणि तिसरा दिवा लागेल. स्टार्टरच्या पेटीत मात्र ४१५ व्होल्ट असतात. तिथली जोडणी मेन स्विच बंद करून, जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या.