थायरॉईडच्या पाठीमागचे बिऱ्हाड

मानेत, स्वरयंत्राच्या खाली श्वासनलिकेला बिलगून थायरॉईड असते. तिच्या पाठीमागे बहुधा चार परावटू ग्रंथी (पॅराथायरॉईड) असतात. लांबी जेमतेम ५-६ मिलिमीटर. १८८० मध्ये स्वीडनच्या ईवार सांडस्ट्रॉमने माणसात त्या दाखवल्या, या उशिराचे नवल नको. थायरॉईडचाच भाग म्हणून त्या अनेकदा चुकून गणल्या जातात. खरे तर हे एकाच वाड्यातले दुसरे बिऱ्हाड, चूल वेगळी. त्या रक्तातले कॅल्शियम सांभाळतात. ते घटले की त्यांचे संप्रेरक पीटीएच (संप्रेरक म्हणजे रक्तातून निरोप नेणारे रसायन) हाडांतून कॅल्शियम काढते, मूत्रपिंडाकडून वाचवून घेते. म्हणून टीएसएच (थायरॉईडची नेहमीची रक्ततपासणी) ठीक आले तरी परावटूंबद्दल काहीच कळत नाही. परावटूंचे काम प्रमाणाबाहेर वाढले तर मुतखडे होऊ शकतात; म्हणून ते वारंवार होत असतील, तर कॅल्शियम आणि पीटीएच तपासायचे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.